एकवीस पाहुणे आणि एक

सातुपाइतेआ, सवाई बेट
१४ सप्टेंबर

प्रिय फुआतिनो,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या मालियावहिनीचा गुडघा बरा आहे. नीरफणस यंदा इतके लागलेत, की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. ऑकलंडची थंडी सरली असेल. तुझ्या घरी सगळे बरे असतील.

तू पाठवलेला संगणक उत्तम चालतो आहे. म्हणजे, आता चालतो आहे.

तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, ‘फायरवॉल चालू ठेव, अनोळखी कुणाला आत घेऊ नकोस.’ चालूच होती. पण मी स्वरलेखनाचे फुकटचे प्रोग्राम उतरवून घ्यायचो आणि ती दर वेळी मलाच विचारायची, ‘याला परवानगी द्यायची का?’ आता तूच सांग. आपल्या घराला भिंती नाहीत, रस्त्यानं जाणाऱ्यालाही आपण ‘या, जेवून जा’ म्हणून हाक मारतो. कुणी दाराशी येऊन विचारल्यावर नाही म्हणायचं? मी सगळ्यांना हो म्हटलं.

एका दुपारी पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला. त्यानं गाण्यांचा कप्पा उघडला आणि एकेक गाणं पुसायला सुरुवात केली. मी नुसता ‘अहो, थांबा! थांबा!’ म्हणत बसलो.

‘अहो, त्याला काय विनवताय!’ म्हणत मालियानं वायर उपटली. तोवर कप्पा रिकामा झाला होता.

शाळेत संगणक शिकवणारी लागी धावत आली.

‘मास्तर, एकवीस जणांना आत घेतलंत?’

‘विचारून आले होते गं.’

‘ते जेवायला नव्हते आले! यातलं एक तरी नाव ओळखीचं आहे?’

‘नाही.’

‘मग आता मी सगळ्यांना हाकलते. तुम्ही ‘हो’च्या बटणाला बोट लावायचं नाही. आधी मला विचारायचं.’

तिनं सगळं पुसून संगणक नव्यानं उभा केला. पण गाणी गेली ती गेलीच. पांढऱ्या रविवारी, चर्चमधल्या मुलांच्या सणाला, मुलांनी गावी म्हणून दर वर्षी एक, अशी मी रचलेली बत्तीस गाणी. वह्या वादळात भिजल्या तेव्हापासून ती फक्त तिथंच होती. तीन दिवस मला घास गेला नाही.

मालियानं प्रार्थनेनंतर गावाला सांगून टाकलं. संध्याकाळी ही गर्दी! लहानपणी जी मुलं गायली होती, ती सगळी आली. लोमी आता पोलीस आहे, शर्टाची बटणं पोटावर लागत नाहीत. त्यानं खेकड्याचं गाणं तिरपं चालून दाखवत म्हटलं, तर त्याची पोरं हसून लोळली. चार दिवस घर नुसतं गात होतं. लागी लिहून घेत होती. आता एक प्रत तिच्याकडे वेगळी ठेवली आहे. एकतीस गाणी परत आली, फुआतिनो. मालिया म्हणते, चोराला केळी पाठवा.

एक अर्धंच राहिलं. नऊ वर्षांची असताना तू एकटीनं गायलेलं, होडीचं. त्याचं दुसरं कडवं गावात कुणालाच येत नाही. मलाही नाही.

लागी त्या एकवीस नावांवर काट मारत होती, तेव्हा मला बाविसावं आठवलं. आठ वर्षांपूर्वी तुझ्याबरोबर एक जण आला होता. त्यानंही विचारलं होतं, ‘आत येऊ का?’ चप्पल हातात घेऊन उन्हात उभा होता. टोंगासारख्या परक्या देशाचा माणूस माझ्या छपराखाली बसणार नाही, असं मी म्हणालो. आयुष्यात दारावरून एकालाच परतवलं, तेही तुझ्या नवऱ्याला. आणि तरी तू मला संगणक पाठवलास.

वर ‘तुझ्या घरी सगळे’ असं लिहून पुढे सरकलो होतो. आता नाव लिहितो. मोसेसे कसा आहे?

कडवं फोनवर सांगू नकोस. पांढरा रविवार बारा ऑक्टोबरला आहे. दोघं या आणि इथं बसून गा. मोसेसेला म्हणावं, विचारायचं नाही, सरळ आत यायचं. लागीची परवानगी मी काढून ठेवली आहे.

घराचे पडदे वर गुंडाळून, दोन चटया मांडून बसलेला
तुझा दादा,
पेसामिनो