एका खुर्चीमागे तिघे

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आश्चर्यच! विनय आपणहून म्हणाला, "चल विभा, तुला समुद्रावर नेतो."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नसांच्या आजाराने माझे हातपाय गेले. तेव्हापासून आमचं फिरणं म्हणजे हॉस्पिटल, फिजिओ आणि येताना खुबूसच्या रोट्या. सौदीत, यान्बूसारख्या बंदराच्या गावी राहून समुद्र बघायचा तो गाडीच्या काचेतून! "वाळूत खुर्ची रुतते गं" हे कारण कायम तयार. आता तेही उरलं नाही. कॉलनीपलीकडे मासे पकडायला नवा धक्का बांधलाय, खास दिव्यांगांसाठी. (दिव्यांग! माझ्या अंगात दिव्य काही नाही, मुंग्या आहेत.) पण धक्का खरंच सुरेख. चढ बेताचा, फळ्या सपाट, आणि टोकाला कठडा मुद्दाम खाली घेतलेला – खुर्चीत बसल्याबसल्या गळ टाकता यावा म्हणून. ज्याने आखला त्याच्या घरात नक्की कोणीतरी खुर्चीत असणार.

फाटकावर पाटी आहे : एका खुर्चीमागे तीन सोबती, इतरांना प्रवेश बंद. अफनान नावाचा बांगलादेशी गार्ड आधी माझं दिव्यांग कार्ड बघतो, मग माणसं मोजतो.

सोबतीला विनय, शेजारचा अनुराग आणि विनयच्या प्लांटमधले इस्मतभाई. दोघांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. वर्षभरात पहिल्यांदा!

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा धक्क्यावर. खाली घेतलेल्या कठड्यापाशी तिघे ओळीने, फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून. मी मागे छपराखाली, बर्फाच्या पेटीशेजारी. पेटीला माझ्यापेक्षा जास्त मान – ती निदान कोणी उघडून बघत होतं.

"विनय, मला दे ना जरा गळ."

"अगं, ओढ लागली तर झेपायचं नाही तुला."

हे मला! पाय गेलेत, हात कधीच परत आलेत. रोज कणीक कोण मळतं? आणि माझं बालपण हर्णैचं. बाबा पोस्टात, रविवारी आम्ही दोघं गळ घेऊन बंदरावर. विनय नाशिकचा, लग्नापर्यंत त्याने मासा पाहिला तो ताटात. आज इस्मतभाईंना मासा लागल्याचं कसं ओळखायचं ते समजावत होता. तेवढ्यात मासा आमिष खाऊन पसार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फोनवर फोन. "भाभी, तबियत कैसी है?" "वहिनी, शुक्रवारी मोकळ्या ना?" अनुरागच्या बायकोने पुरणपोळ्या पाठवल्या. इतकी लोकप्रिय मी कॉलेजातही नव्हते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून कणकण. विनयने कपाळावर हात ठेवला, किती हळुवार! मग म्हणाला, "नुसतं बसायला जमेल ना?"

गेले. शालीत गुंडाळून बसले.

त्यांना मोठा हमूर मासा मिळाला. फोटो काढला : हमूर माझ्या मांडीवर, तिघे पाठीमागे, सगळ्यांचे अंगठे वर. अनुरागने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला – "वहिनींची कमाल! जिद्दीला सलाम!" बदामांचा नुसता पाऊस. कोणी "प्रेरणादायी" म्हणालं, कोणी डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. साडीला वास लागला तो वेगळाच.

अवनीने घरी फोटो पाहिला. ही आमची अकरावीतली लेक. मराठीत विचारावं, इंग्रजीत उत्तर घ्यावं. म्हणाली, "मम्मा, यू आर देअर गेट पास. लिटरली."

"गप्प बस," म्हटलं. पण पोरगी खरं बोलली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

विनय वाईट माणूस नाही. लिहून ठेवायला हवं, नाहीतर मीच विसरेन. हॉस्पिटलात याने माझी वेणी घातली होती. वाकडी, पण रोज. इतका जीव लावलेला माणूस मला छपराखाली ठेवून पाठ फिरवतो, म्हणून तर जास्त लागतं.

संध्याकाळी ओवाळलं. ताम्हणात काहीतरी टाकायला त्याने खिशात हात घातला. म्हटलं, "थांब. या वर्षी ओवाळणी मी मागणार. एक शुक्रवार गळ माझ्या हातात. कठड्यापाशी मी."

"एवढंच?" तो हसला. "दिली!"

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

घाईघाईत लिहितेय. अक्षर बघा!

विनयने शब्द पाळला. मला कठड्याशी नेलं, गळ दिला, आणि तिघे माझ्या डोक्यावर उभे राहून सूचना देत बसले. "सैल सोड!" "वहिनी, आत्ता नको!" "भाभी, थोडा लेफ्ट!" मी कान बंद केले.

आणि ओढ लागली. जोरात! गळ कठड्यावरून खाली चालला. बसून आवरेना. एका हाताने कठडा धरला, जोर लावला, आणि –

उभी!

उभी राहिले मी. चौदा महिन्यांनी. कठडा धरून, पण माझ्या पायांवर मी! डोळ्यांसमोर सगळा समुद्र.

मागून विनय ओरडला, "बस! विभा, खाली बस! गार्ड बघतोय!"

हे माझ्या नवऱ्याचं पहिलं वाक्य. जसंच्या तसं उतरवून ठेवतेय.

अनुराग खुर्ची पुढे सरकवत होता. इस्मतभाईंनी आडोसा केला. आणि अफनान? तो लांबूनच "माशाल्लाह, आपा!" म्हणत टाळ्या वाजवत आला. विनय त्याला हात जोडून म्हणतो, "नहीं नहीं भाई, गलती से खड़ी हो गई!"

मी बसले नाही. बसले असते तर मासा गेला असता. हळूहळू ओढत वर घेतला – नाजिल, लालबुंद, अंगावर निळे ठिपके. वीतभर असेल. माझा!

आज फोटो कोणी काढला नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फिजिओ म्हणाली, डिसेंबरपर्यंत काठी घेऊन चालेन. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

विनयलाही आनंद झाला. झालाच. घट्ट मिठी मारली. मग गाडी काढली. सिग्नलला विचारलं, "तुझ्या कार्डाची मुदत कधीपर्यंत आहे गं?"

३० ऑक्टोबर, गुरुवार

अनुरागचा फोन नाही. इस्मतभाईंचा नाही. पुरणपोळ्यांचा डबा मात्र परत मागितलाय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

विनयने नाशिकला सासूबाईंना फोन लावला. "आई, महिनाभर ये ना इकडे. व्हिजिट व्हिसा काढतो." मग गुडघ्यांची चौकशी. इतक्या मायेने त्याने त्यांचे गुडघे जन्मात विचारले नव्हते. "जिना अजिबातच चढवत नाही? अरेरे! चालायलाही त्रास? बरं, बरं... डॉक्टरांकडून तसं लिहून आण हं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कशालाही न धरता. त्याचं लक्षच नव्हतं.