साक्षीत न सांगितलेल्या सुया

पिरंगुट, १९५८
रविवार, संध्याकाळ

आज चर्चच्या उपासनेत पुन्हा साक्ष दिली. रक्त पडत होतं, प्रार्थना केली, प्रभूने माझा क्षय बरा केला. बायका रडल्या. तीन महिने घेतलेल्या सुया नेहमीप्रमाणे गाळल्या. साक्षीत गौरव फक्त देवाचा असावा, असं पाळकसाहेबांनी पहिल्याच वेळी बजावलं होतं. सुयाही त्यानेच दिल्या, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? खाली बसताना कमरेवरची सुयांची गाठ ठणकली, तरी नाही सुचलं.

निघताना लवळ्याच्या ठकूबाईने हात धरला. तिच्या लेकीलाही क्षयच. "बाई, तुमचं ऐकलं आन् पोरीच्या सुया बंद केल्या. देव तिलाबी बरं करंल."

मी म्हणाले, "सुया सोडू नका."

"तुमी तरी कुटं घेतल्या?"

पाळकसाहेब शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "प्रार्थना करू." हे मी म्हणाले!

आता हात सारखा त्या गाठीवरच जातोय. उद्या उजाडताच लवळ्याला जायचं आणि ठकूबाईचा हात धरून या गाठीवर ठेवायचा. नुसतं सांगून तिला पटायचं नाही. साक्ष मी फार चांगली देते.