चपलेचं बक्कल

प्रिय आक्का,

हे पत्र मी टाकणार न्हाय, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

आप्पांच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरनं आपलं बोलणं तुटलं. आणि गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये मीच मुलांना शिकवलं, "उपासनेत 'शांती असो' म्हणताना ज्याच्याशी भांडलाय त्याचा हात आधी धरा. देवाची शांती तिथनंच मिळते."

त्याच सकाळी अनगोळच्या आपल्या चर्चमध्ये तू हात पुढं केलास, आणि मी चपलेचं बक्कल लावायला खाली वाकले. तू मागच्या बाकाकडं वळलीस.

तुझी रोदा माझ्याच वर्गातली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, बक्कल लावून झालं की सांग. तोवर मी आईला थांबवते."

मी तशीच वाकून राहिले गं. माझ्या चपलेला बक्कलच न्हाय.

तुझी धाकटी,
प्रिसिला