डब्यावरचं नाव

रविवार, ५ जानेवारी २०२५

…तर त्या दिवशीही मी आधी सडा टाकला, आंघोळीचं पाणी तापवलं, निवडलेले गहू डब्यात भरले. यांनी डबा सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबने करकचून बांधला आणि चक्कीवर गेले. तासाभराने गरम पीठ घेऊन आले. कानाच्या पाळ्या पांढऱ्या. मी म्हटलं, पुसा. ते म्हणाले, तूच पूस. मी म्हटलं, माझे हात कणकेचे आहेत. एवढंच झालं. अडतीस वर्षांतला कुठलाही रविवार घ्या, असाच. हाच का आठवावा, कळत नाही.

यांना जाऊन चार महिने झाले. घरातलं पीठ संपलं. ठरवलं : यापुढे दळण मीच आणणार. पण प्रेमानंदच्या चक्कीवर नाही. कारण एकच, तो पीठ चोरतो. दुसरं काही कारण नाही.

मागच्या महिन्यात एकदा गेले होते. आमच्या पत्र्याच्या डब्यावर लाल ऑइल पेंटने यांचं नाव आहे. दळण झालं की प्रेमानंद डब्यावरचं नाव वाचून ओरडतो. तसा ओरडला. तीनदा. बाकावर सहा बायका. मी उठले नाही, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या. मग त्याने वर पाहिलं आणि जीभ चावली. म्हणे, मावशी, सवयीनं निंगालं तोंडातून. सवय म्हणे! तेरवीला जेवून गेलेला माणूस. बुंदी दोनदा घेतली होती.

यांचं नाव मी घेत नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही नणंदेने दार अडवलं म्हणून. मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीतल्या बाईने विचारलं तेव्हा मी मिनलकडे, माझ्या मुलीकडे, बोट केलं. या वहीतही लिहिणार नाही.

सक्करदऱ्यात चक्क्या काय कमी आहेत? एकेक पाहते. महिनाभरात चांगली सापडेल.

सोमवार, ६ जानेवारी

डबाच बदलावा म्हटलं. स्टीलचे तीन मोठे डबे काढले. तिन्हींवर यांचं नाव कोरलेलं. परातीवर तेच. कळशीवर तेच. चहाच्या गाळणीच्या दांडीवरसुद्धा. घर आहे की एकाच माणसाची मतदार यादी?

पत्र्याच्या डब्यावरचा रंग सुरीने खरवडून पाहिला. पहिल्या अक्षराचा काना थोडा निघाला. मग सुरीची धार जाईल म्हणून थांबले.

बुधवार, ८ जानेवारी

गहू प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन गल्लीच्या टोकाच्या चक्कीवर गेले. चक्कीवाला म्हणतो, पिशवीत गरम पीठ देत नाही बाई, डब्बा आना. म्हटलं, गिऱ्हाईक कसं वागवावं हे आधी शिका. गहू तसेच परत आणले.

येताना थिनर घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात शिरले. दुकानदार विचारतो, काय पुसायचं आहे? म्हटलं, तुम्हाला काय करायचं आहे? थिनर न घेताच आले. या वस्तीतले दुकानदार फार चौकशा करतात.

रविवार, १२ जानेवारी, दुपारी १

मोठी बातमी. चौकापलीकडे नवी चक्की निघाली आहे. तिथे टोकन देतात. नाव नाही, नंबर! माइकवर पुकारतात. स्टीलचा डबा नेला, नावाची बाजू पोटाशी धरून. माझा नंबर सत्तेचाळीस. समाधान वाटलं. उगाच नाही म्हणत, शोधलं की सापडतं.

बाकावर जुना पेपर होता, तो वाचत बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. हे किराणा आणायचे, मी पुड्या सोडून कागद सरळ करायचे. अर्धी बातमी, अर्धा खून. खुनी कोण ते कधीच कळलं नाही. पुढे यांनी वाचनालयात नाव घातलं.

सव्वाबारा झाले. बाक रिकामा. चक्कीवाला शेजारी येऊन म्हणाला, आजी, सत्तेचाळीस नंबर केव्हाचा बोलावून राहिलो, ऐकू येत नाही का?

मला उत्तम ऐकू येतं. नंबर ऐकलाही होता. पण माझी हाक आली असं वाटलं नाही. मी वाट पाहत होते.

कशाची, ते लिहिण्यासारखं नाही. त्यांचा माइक खराब आहे. शिवाय पिठात ज्वारीची कणी आली. पुन्हा जाणार नाही. आणि आजी कोणाला म्हणतो?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ज्वारीची कणी घालून सणाच्या पोळ्या कोण करणार? म्हणून पॅकेटचं पीठ आणलं. गुळाची पोळी लाटली तर वाळली. कामिनी वहिनी शेजारून तिळगूळ द्यायला आल्या. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र माझं घर सोडून पुढे गेलं. पोळी मोडून म्हणाल्या, काहून वं शोभाताई, पोळी आहे की पापड? तो प्रेमानंद विचारून राहिला होता तुमच्याबद्दल. म्हने मावशी रागावली का?

आज गोड बोलायचं असतं म्हणून गप्प बसले. उद्या बुधवार बाजारात जाऊन नवा डबा घेणार आणि त्यावर माझं नाव टाकणार. एवढी साधी गोष्ट आधी सुचली नाही, कारण लोक डोकं फिरवतात.

बुधवार, १५ जानेवारी

बाजारात सगळे लुबाडायला बसलेले. एका भांडेवाल्याने हलका डबा भारी म्हणून दाखवला. दुसऱ्याच्या डब्याचं झाकण बसेना. तिसऱ्याचा घेतला. तो म्हणाला, नाव फुकट टाकून देतो मावशी, तुमच्यासाठी. सगळ्यांनाच फुकट टाकून देत होता.

माझं नाव घरून पाठ करून गेले होते. शोभा. दोन अक्षरं. रस्त्यात तीनदा म्हणूनही पाहिलं.

त्याने मशीन हातात घेतली, मान वर न करता विचारलं, बोला, काय टाकू?

मी म्हटलं, मारोतराव.

चांगलं मोठ्याने. शेजारच्या कांदेवालीने वळून पाहिलं. मशीन टर्र करत होती तेव्हा थांब म्हणता आलं असतं. पण त्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसतं, म्हणून म्हटलं नाही.

अक्षर बरं काढलं आहे. डबा स्वयंपाकघरात ठेवला. अजून वीस वर्षं टिकेल. काय करायचं त्याचं?

रविवार, १९ जानेवारी

नवा डबा घेऊन प्रेमानंदकडे गेले. फक्त चोरी पकडायला. गहू घरून मोजून नेले होते.

मेल्याने आज कमाल केली. सगळ्यांचे डबे ओरडून दिले. शोभने वहिनींचे, ठाकऱ्यांचे, सगळ्यांचे. माझा डबा भरला, नाव वाचलं आणि काही बोलला नाही. गुपचूप बाकापाशी आणून हळूच म्हणाला, झालं जी मावशी.

मी संतापले. म्हटलं, काहून रे, वाचता येत नाही का तुले? तिथं ठेव आणि नाव घे. बाकीच्यांचं घेतलंस ना?

बायका बघत राहिल्या. तो डबा उचलून पुन्हा चक्कीपाशी गेला. घसा साफ केला. ओरडला, मारोतराव!

मी म्हटलं, हाव. आली.

घरी येऊन पीठ मोजलं. छटाकभर जास्तच भरलं. दुसऱ्या कोणाचं तरी माझ्यात टाकलं असणार. याला चोरीच म्हणतात.

आरशात पाहिलं तर दोन्ही कानांच्या पाळ्या पांढऱ्या.

सोमवार, २० जानेवारी

सडा टाकला. पाणी तापवलं. आंघोळीपर्यंत कानांचं पीठ तसंच ठेवलं. मग धुतलं आणि पोळ्या केल्या.