तिकडे तीन, इथे सात

१४ जानेवारी

— आणि पेन टेकवणार तोच गेरिट माझ्या खांद्यावरून वाकला. कोणत्या चौकटीत खूण करते ते बघायला. सातवर करणार होते. केली पाचवर.

"पाच? मागच्या आठवड्यात आठ होते," तो म्हणाला, आणि वाटाण्याचं सूप स्वतः गरम करायला उठला. असं कधी होत नाही.

निळी वही हॉस्पिटलची. गेरिट नोकरीला होता त्या औषध कंपनीच्या नव्या गोळीची चाचणी चालली आहे. रोज जेवणाआधी पायांची आग शून्य ते दहापैकी किती, तेवढंच लिहायचं. ही वही माझी. इथे सात.

१५ जानेवारी

तिकडे पाच. इथे सात.

२८ जानेवारी

हार्लन पत्ते खेळायला आला. तोही गेरिटसारखा कंपनीतून निवृत्त. गेरिटने माझ्या डबीतली एक गोळी दिव्याखाली धरली. एकतीस वर्षं तो गोळ्यांवर लेप चढवत होता. असा लेप कुणी नकली गोळीवर वाया घालवत नाही, म्हणाला.

"गाढवा, ओळखू येऊ नये म्हणून नकलीलाही तोच लेप देतात."

"तू खोकी भरायचास. तू पत्ते वाट."

सगळे हसलो. मी टेबलाखाली मोजे काढून पाय गार फरशीवर ठेवले होते.

अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना नकली. कुणाला कोणती, ते नर्स रोंडालाही माहीत नाही. गेरिटला माहीत आहे!

१२ फेब्रुवारी

आमची मार्गो आली, पेपरातली कात्रणं घेऊन. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं पेटंट जूनमध्ये संपतं. मग ती कुणीही बनवणार, कवडीमोलाने विकणार. कंपनी त्या गोळीवर जगते, आम्ही कंपनीवर. म्हातारपणासाठी गेरिटने कंपनीचे शेअर सोडून दुसरं काही घेतलंच नाही. आताच विका, निदान अर्धे तरी, असं ती तीनदा म्हणाली. नवी गोळी चालली नाही तर काय उरणार?

"पेपरवाल्यांना काय कळतंय?" गेरिट म्हणाला. "तुझ्या आईचे पाय बघ. तिनावर आलेत."

मार्गोने माझ्याकडे पाहिलं. मी पेस्ट्रीचे तुकडे करत राहिले. नको इतके बारीक.

१३ फेब्रुवारी

आज तिकडे चार लिहायचं, उद्या पाच — असं हळूहळू खऱ्यावर यायचं ठरवलं होतं. पण गेरिट रोज वही बघतो. चार दिसले असते तर त्याने विचारलं असतं. आणि माझ्या डबीत खरी गोळी असेल तर? मग औषधात दम नाही, हे या घरात फक्त मला माहीत आहे.

तिकडे तीन. इथे आठ.

४ मार्च

मार्गोने विक्रीचा फॉर्म भरून पाठवला. फक्त सही बाकी. गेरिट तो घेऊन स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर बसला. चष्मा काढून ठेवला.

"मला खरं सांग, अल्मा. पायांना बरं आहे ना? नसेल तर आत्ता सही करतो."

दार उघडावं तसं होतं ते. मी उठून केटलमध्ये पाणी भरलं.

"बरं आहे," म्हटलं.

त्याने फॉर्मची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओझरता. आमचं लग्न झालं तेव्हा ठेवला होता तसा.

११ मार्च

चाचणी संपली. निळी वही परत केली. बाकांवर ओळखीचेच चेहरे, नऊ जण; प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी कंपनीतून निवृत्त झालेलं. रोंडाने कसं वाटतंय विचारलं. सगळ्यांनाच बरं वाटत होतं. हार्लनची बायको बर्निस तर जिन्याने आली म्हणाली. जाताना मात्र ती लिफ्टपाशी उभी होती. माझ्याकडे न बघता.

२ मे

जेवण जात नाही. गेरिटला वाटतं, मी बारीक होतेय ते बरी झाले म्हणून.

२० मे

सकाळी सातला कंपनीने जाहीर केलं. नवी गोळी बंद. गेरिटने उभ्यानेच मोठ्याने वाचलं: नकली गोळ्या घेणाऱ्यांनाही जवळजवळ तेवढाच आराम वाटला, त्यामुळे औषधाचा वेगळा गुण सिद्ध झाला नाही.

दुपारपर्यंत शेअर निम्म्यावर. मार्गोचा फोन त्याने घेतला नाही.

"नुसतं पीठ गिळून बरं वाटतंय म्हणणारी ही माणसं आहेत तरी कोण?" एवढंच तो दिवसभरात बोलला.

२१ मे

नऊ वाजता रोंडाचा फोन. कुणाला काय दिलं त्याची यादी उघडली आहे. माझ्या डबीत पहिल्या दिवसापासून नकली गोळ्या होत्या.

गेरिट बाहेर गवत कापतोय. यंत्र थांबलं की ही वही त्याच्या कॉफीशेजारी ठेवणार आहे.