खाटेखालच्या चोवीस बाटल्या

१८ एप्रिल

झालं एकदाचं! चोवीस बाटल्या बीअर भरली. हात चिकट, पाठीचे तुकडे, घरभर आंबूस वास. मी साखरेचा पाक बादलीत ढवळला नि नळीनं भरत गेले. नवरोबा महेश्वर झाकणं दाबत गेला. आता पंधरा दिवस गार नि अंधारात ठेवायच्या. आतलं यीस्ट साखर खाईल, ग्यास सोडेल, बीअरला फेस येईल. दोन्ही क्रेट मागच्या खोलीत खाटेखाली सरकवले, वरून सोलापुरी चादर.

महेश्वरचा दोस्त बसू तोंड वाकडं करून गेला. त्याचं सोड्याचं दुकान, म्हणून तो शाणा! "टाकीत भरा की म्याडम. वरनं ग्यास सोडायचा, दाबाचा काटा बघायचा, बास. बाटलीला काटा असतोय व्हय?" मी म्हटलं, टाकी नि सिलिंडर दारातून आत आला की जुळे सोलापूरभर बोभाटा. परवाना नाही, काही नाही. आणि कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई घरी बीअर करते म्हटल्यावर संपलंच! बाटल्या निदान गुपचूप बसतात.

२१ एप्रिल

सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली, २४. मंद्रूपहून येणार, आमच्याकडेच राहणार. लग्नाला सहा वर्षं झाली, राहायला पहिल्यांदाच! मी माढ्याची, मटण खाणाऱ्या घरातली. त्या गळ्यात लिंग बांधणाऱ्या. आजवर माझ्या हातचा चहासुद्धा "आताच घेतलाय" म्हणून टाळलाय.

त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला, देवी आल्या होत्या म्हणतात. दिसतो तो उजवा एकच. ऑपरेशन त्याचंच.

२४ एप्रिल

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, गार अंधारी खोली द्या, वाकू देऊ नका, डोळ्याला धक्का नको. महेश्वरनं आईला सरळ मागच्या खोलीत नेऊन निजवलं. त्याच खाटेवर! मी डोळे वटारले तर म्हणतो, "गार खोली तीच हाय की. बाटल्या काय उठून चावतात?"

खरंय. बाटल्यांचं नि सासूबाईंचं पथ्य एकच. मला हसूसुद्धा आलं.

२५ एप्रिल

हसू बंद. सकाळी साखरेचा डबा तळाला गेलेला. "महिन्याच्या मध्याला तर भरला होता!" तर महेश्वर म्हणतो, "बाटल्यांत घातली की त्या दिवशी. एकेक चमचा. तू पाक करत होतीस तेव्हा. बसू सरबताला तसंच करतो."

एकेक चमचा! आणि माझा पाक वेगळा!

दुप्पट साखर म्हणजे दुप्पट ग्यास, त्यात हे बेचाळीस डिग्री ऊन. काच कुठवर तग धरणार? आणि त्या काचेवर सासूबाई निजल्यात, एकुलता एक डोळा घेऊन. देवा रे.

२६ एप्रिल

दिवसभर कान खाटेकडे. भाजी करपली.

२७ एप्रिल

फुटली. दुपारी तीनला, फट्ट! लाटणं टाकून धावले. सासूबाई काळा चष्मा लावून तशाच पडलेल्या, तोंड भिंतीकडे. "टायर फुटला वाटतं बाहेर," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "हं," एवढंच म्हणाल्या. चादर जाड म्हणून काच आतच राहिली.

बसूला फोन केला. "हलवू नका बाटल्या! एक फुटली की शेजारची फुटती. आधी म्हातारीला उठवा तितनं." म्हणून सासूबाईंना म्हटलं, "अत्ती, हॉलमध्ये निजा ना, कूलर आहे, टीव्ही आहे." नाही म्हणजे नाहीच. "हितंच बरं हाय मला."

हट्टी म्हातारी!

२८ एप्रिल

महेश्वरला म्हटलं, सांगून टाकू. तर म्हणे, "घरात दारू केलीय कळलं तर मंद्रूपचं दार कायमचं बंद."

"डोळा गेला तर ते दार काय चाटायचंय?" मी ओरडलेच. पण सांगायला मीही गेले नाही. मी काय कमी भित्री आहे?

दुपारी त्यांना झोप लागलीय असं बघून हळूच खाटेखाली हात घातला. दोन-दोन तरी फ्रीजमध्ये नेऊ म्हटलं. तोच माझं मनगट धरलं त्यांनी! "बेडव्वा." नको म्हणतात कानडीत. "झाडायचं होतं," मी पुटपुटले.

"ऱ्हाऊ दे. खाली हात घालायचा न्हाय. तू बाहेर बस."

माझा केरसुद्धा चालेना त्यांना. रडूच आलं.

२९ एप्रिल

चादर ओली चिंब, फरशीवर पाणी. आणखी एखादी तडकली म्हणावं तर वास बीअरचा नाही, साधं पाणीच. मला काही समजेना.

ठरवलंय, परवा कॉलेजचं झेंडावंदन उरकून आलो की दोघांनी पाय धरायचे.

१ मे



तासाभरात परतलो, तर फाटकातच बीअरचा भपकारा. सगळ्या फुटल्या! चप्पल न काढता धावले. खाट रिकामी. क्रेट रिकामे. मला रक्तच दिसू लागलं सगळीकडे.

सासूबाई मोरीत होत्या. स्टुलावर ताठ बसलेल्या, काळा चष्मा, पदर नाकावर बांधलेला. बाटली ओल्या चादरीत गुंडाळलेली, तोंड भिंतीकडे. ओपनरनं झाकण जरासं उचललं, फुस्स होऊ दिलं, पुन्हा जरासं. भिंतीला बावीस बाटल्या ओळीनं पालथ्या. मी किंचाळले.

"वरडू नको. एक ऱ्हायलीय. लांब हो तू."

ती रिकामी झाली तशा हात धुऊन म्हणाल्या, "च्या कर." मी केला. प्यायल्या की! बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत.

२ मे

तपासणीत डोळा सुखरूप निघाला. डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

येताना रिक्षात सासूबाई आपणहून बोलल्या. अक्कलकोटला त्यांच्या वडिलांचा सोड्याचा कारखाना होता. डावा डोळा देवीनं गेलाच नव्हता. बाटली फुटली, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. वडिलांना कुणी बोल लावू नये म्हणून जन्मभर देवी सांगत आल्या. "त्या दिवशीचा आवाज टायरचा न्हवता, ते मला कळंना व्हय? चादर मीच भिजवत हुते, बाटल्या गार ऱ्हाव्यात म्हणून. पुन्हा करणार असशील तर बसूच्या टाकीत कर."

मी म्हटलं, कळलं होतं तर उठला का नाही तिथून?

"मी उठले की तुमी दोघं हात घालणार. माझा डोळा एकच हाय. तुमचे चार हायत."