तिच्या पायात माझी चाल

२८ ऑक्टो.
दिगूकाकांनी माझं नाटक घेतलं. गावच्या मंडईच्या जत्रेत माझं नाटक! आई गल्लीभर सांगत सुटली. पण त्यातल्या रमाचं काम मला नाही. रमा लंगडी, मी लंगडी, लिहिली मी, पाठ मला. तरी हिरोईन नागपूरहून येणार. काका डायरेक्टर, त्यांचाच शब्द. म्हणाले, "तू उभी राहिली तं लोक बिचारी-बिचारी करतीन. नाटक कोन पायील?" घरी येऊन आईवर चिडली.

३० ऑक्टो.
हिरोईन आली. मोनाली. काकांकडे जागा नाही म्हणून आमच्याकडे उतरली. माझी खाट तिला, मी खाली. आईनं तिच्यासाठी पातोडीची भाजी केली. मी महिनाभर मागून राहिली तर वेळ नव्हता. हिच्या दोन्ही पायांत पैंजण. माझा डावा पाय जन्मापासून आत वळलेला, त्यात पैंजण बसत नाही. पाहून जीव जळला. वरून गोड बोलते. धड शिव्याही घालता येत नाहीत.

३१ ऑक्टो.
तालीम. मो.नं पाय फरफटवला, सिनेमातल्या भिकाऱ्यासारखा. पार चूक. मला इतकं बरं वाटलं... पण काका वा वा करून राहिले, पोरांच्या शिट्ट्या. म्हणजे लोक हिलाच रमा समजणार? माझी रमा? जेवण गेलं नाही.

१ नोव्हें.
सकाळी म्हणते, "कांचन, एकदा चालून दाखव ना."
"कायले? काल तं वा वा झालं."
"काल खोटं होतं. मला कळतं."
दाखवलं. स्वतःचाच राग येऊन राहिला, तरी दाखवलं. नाटक माझं आहे. पाय फरफटत नाही, टाच टेकत नाही. आधी कंबर उचलते, मग पाय येतो, खांदा त्याच्या मागून. अंगणात फेऱ्यांवर फेऱ्या, नि तिचे डोळे पायावर. असं फक्त डॉक्टर पाहतात, नि पाहून आईशी बोलतात. ही माझ्याशी बोलली. "थांबू नको, परत."
दुपारपर्यंत तिला जमलंसुद्धा. मला चालायला शिकता शिकता बालपण गेलं नि हिला एक सकाळ पुरली.

३ नोव्हें.
काल नाटक झालं. मी बायांमध्ये बसली होती. रमा आली नि पाठमोरी विहिरीपर्यंत चालत गेली. मागून कोणीतरी बाई म्हणाली, "अवो, हे तं आपली कांचन चालून राहिली."
मी स्वतःला मागून कधी पाहिलंच नव्हतं. घरातला आरसा छातीपर्यंतचा. वाईट दिसत नव्हतं. खरं लिहू? छान दिसत होतं. एक ठेका होता त्यात. केवढ्या टाळ्या पडल्या. आणि ते छान तिच्या अंगावर, टाळ्या तिला. दुस्वास म्हणतात तो काल पोटभर केला.
पडदा पडल्यावर ती सरळ चालत आली नि मिठी मारली. सरळ चालत. मी काठीसारखी उभी.
आज सकाळी गेली. चादर घडी करून ठेवली होती.

६ नोव्हें.
सडक अर्जुनीकडच्या एका गावानं नाटक मागितलं. मो.ला तारीख नाही. काका आले. "दुसरी पोरगी बोलावतो. तिले चालनं शिकवून देजो."
"नाही शिकवत."
"काऊन?"
"मी करते रमा."
काका आईकडे पाहून राहिले. आई म्हणाली, "मले काय पायता? लिवलं तिनं, तिलेच बोला." आईकडून हे अपेक्षित नव्हतं. काका म्हणाले, उद्या तालमीले ये, पाहू.

७ नोव्हें.
गेली. विहिरीचा प्रवेश पूर्ण केला, एक शब्द चुकला नाही. पेटीवाले मामा वाजवायचे थांबून पाहत होते. मग काका म्हणाले, "बोलनं जमलं. चाल जरा मोनालीसारखी ठेव."
मोनालीसारखी.
रस्ताभर हसत आली. घरी आल्यावर रडली. मग परत हसू. आईला सांगितलं तर तीही हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.
काका उद्या सांगतो म्हणाले. त्या दुसऱ्या पोरीशी त्यांचं फोनवर बोलणं चालूच आहे, आईनं ऐकलं. नाही दिलं काम तर नाही दिलं, जीव तर जळणारच. पण चाल मी बदलणार नाही.